मनांत आणलें तर

आपल्या घरांतून एक वाक्य वारंवार ऐकूं येतें. मुलाची परीक्षा बेताचीच झालेली असते आणि आल्यागेल्यापुढें वडील म्हणतात, “तसा तो हुषार आहे, मनांत आणलें तर पहिला येईल.” पन्नाशी उलटलेल्या गृहस्थाविषयीं त्याचे स्नेही हळहळतात, “काय त्याची लेखणी होती! मनांत आणलें असतें तर त्यानें ग्रंथच्या ग्रंथ लिहिले असते.” संसारांत गुरफटलेल्या एखाद्या बाईच्या गळ्याविषयीं, कोणाच्या चित्रकलेविषयीं, कोणाच्या गणितांतील गतीविषयीं असेंच बोललें जातें. बोलणाराच्या मनांत कौतुक असतें आणि ऐकणारास तें गोड वाटतें. त्यामुळें त्या वाक्यांत केवढी हानि सांगितलेली असते, हें सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. माणसाच्या अंगीं शक्ति होती, ती फुकट गेली, आणि पुष्कळ वेळां ती कोणी हिरावून घेतली असेंही नाहीं, असा त्या वाक्याचा सरळ अर्थ आहे.

श्रोतेहो, आजच्या भाषणांत या हानीचा विचार करावयाचा आहे. अंगची शक्ति कृतींत उतरते ती कशाच्या योगानें? सामान्य समजूत अशी कीं, त्यासाठीं कांहीं तरी असाधारण घडावें लागतें. जबर इच्छाशक्ति हवी, थोर गुरु भेटला पाहिजे, किंवा आयुष्यास कलाटणी देणारा प्रसंग यावा लागतो. अशा प्रसंगाची वाट पाहण्यांत कित्येकांचीं वर्षें निघून जातात. परंतु ज्यांच्या हातून खरोखर कांहीं घडलें, त्यांचीं चरित्रें बारकाईनें पाहिलीं तर निराळेंच दिसतें. मोठे प्रसंग त्यांच्या आयुष्यांत थोडे असतात. रोजच्या लहानसहान गुणांचा राबता मात्र अखंड असतो. ठरल्या वेळीं कामास बसणें, हातीं घेतलेलें शेवटास नेणें, वस्तु जागच्या जागीं ठेवणें, दिलेला शब्द पाळणें, हे ते गुण होत. ते इतके साधे आहेत कीं, त्यांचें नांव गुणांच्या यादींत घालण्याचाही आपल्याला संकोच वाटतो.

धरणांत पाणी कितीही सांठलें तरी तें आपण होऊन शेतांत जात नाहीं. तेथून कालवा निघावा लागतो, कालव्यास चाऱ्या फुटाव्या लागतात, आणि शेवटीं शेतकऱ्यानें फावड्यानें ओढलेल्या हातभर रुंदीच्या पाटांतून तें पिकाच्या मुळाशीं पोंचतें. धरण पाहावयास लोक लांबून येतात. पाट पाहावयास कोणी येत नाहीं. तरी पाट बुजला तर धरण असून नसल्यासारखेंच. बुद्धि, प्रतिभा, कळकळ हीं सांठलेलीं पाणीं आहेत. लहान गुण हे पाट होत.

महर्षि धोंडो केशव कर्वे यांचें उदाहरण या दृष्टीनें पाहण्यासारखें आहे. त्यांचा जन्म १८५८ सालचा. १९१६ सालीं त्यांनीं महिलांचें विद्यापीठ स्थापन केलें, १९५८ सालीं त्यांना भारतरत्न ही पदवी मिळाली, आणि १९६२ सालीं वयाच्या १०५ व्या वर्षीं ते वारले. एवढ्यावरून कोणाची कल्पना होईल कीं, हा पुरुष लहानपणापासून तेजानें तळपत असावा. वस्तुस्थिति तशी नव्हती. अण्णासाहेब स्वभावानें भिडस्त होते; सभा जिंकणारें वक्तृत्व त्यांच्यापाशीं नव्हतें. सतरा वर्षांच्या आगेमागे असतांना ते परीक्षेसाठीं कोंकणांतील मुरुडाहून साताऱ्यापर्यंत सुमारे ११० मैल पायीं गेले. तेथें वय लहान दिसतें या सबबीवर त्यांना परीक्षेस बसूं दिलें नाहीं. पुढें ती परीक्षा ते उत्तीर्ण झाले, पण या साऱ्या दिरंगाईंत वर्षें गेलीं आणि बी. ए. होण्यास १८८४ साल उजाडलें. तेव्हां त्यांचें वय २६ होतें. मनांत आणलें तर हा जग हालवील, असें त्या वेळीं त्यांच्याविषयीं फारसें कोणी म्हटलें असेल असें वाटत नाहीं.

१८९१ सालीं ते पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयांत गणित शिकवूं लागले आणि १८९३ सालीं त्यांनीं गोदूबाई या विधवेशीं पुनर्विवाह केला. ही गोष्ट निःसंशय मोठ्या धैर्याची. मुरुडच्या लोकांनीं त्यांच्यावर बहिष्कार घातला आणि तो त्यांनीं सोसला. परंतु चरित्रकथनांत या प्रसंगापाशीं थांबण्याची जी आपली संवय आहे, तिच्यामुळें खरी गोष्ट निसटते. पुनर्विवाह करणारे इतरही धीट पुरुष त्या काळीं होते. १८९६ सालीं अनाथ बालिकाश्रम निघाला तो टिकला कशामुळें, हा खरा प्रश्न आहे.

रावबहादुर गणेश गोविंद गोखले यांनीं दिलेल्या हिंगण्याच्या जमिनीवर १९०० सालीं आश्रमाची साधी झोंपडी उभी राहिली. गांवापासून ती जागा सुमारे चार मैल. रस्ता म्हणावा असा रस्ता नाहीं, आणि पावसाळ्यांत काळ्या मातीचा चिखल. अण्णासाहेबांची नोकरी पुण्यांत. दिवसभर महाविद्यालयाचें काम करावें, संध्याकाळीं आश्रमास लागणारे जिन्नस अंगाखांद्यावर घेऊन पायीं हिंगण्यास जावें, मुलींस शिकवावें, आणि सकाळीं पुन्हां पुण्याची वाट धरावी, असा त्यांचा क्रम होता. या क्रमांतील कोणतेंही एक काम घ्या. चार मैल चालणें कोणास येत नाहीं? पीठमिठाचें गांठोडें कोण उचलूं शकत नाहीं? एका संध्याकाळीं हें करणारे हजारों सांपडतील. तेंच काम दुसऱ्या दिवशीं, पावसांत, अंग दुखत असतांना, कोणी पाहत नसतांना करणारा मात्र विरळा. पुनर्विवाहास एका दिवसाचें धैर्य पुरलें असेल. आश्रमास हजारों संध्याकाळींचा नेम लागला. पुढें १९३६ सालीं, वयाच्या ७८ व्या वर्षीं, खेड्यांतून प्राथमिक शाळा काढण्याच्या कामास त्यांनीं आरंभ केला, तोही याच नेमाच्या जोरावर. अंगीं वळण पडलें होतें. वयानें तें मोडलें नाहीं.

दुसरें उदाहरण विद्वत्तेचें घेऊं. महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे हे मुंबईस वकिली करीत असत. ‘व्यवहारमयूख’ या ग्रंथाची आवृत्ति काढतांना तिच्या प्रस्तावनेसाठीं धर्मशास्त्राच्या इतिहासाचें टिपण करावें, एवढीच त्यांची मूळ कल्पना होती. त्यांतून ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ हा इंग्रजी ग्रंथ जन्मास आला. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें त्याचा पहिला खंड १९३० सालीं प्रसिद्ध केला आणि पांचव्या खंडाचा शेवट १९६२ सालीं झाला. पृष्ठें साडेसहा हजारांच्या वर. बत्तीस वर्षांवर ती पृष्ठसंख्या पसरली तर दिवसास अर्ध्या पृष्ठाहून थोडी अधिक पडते. दिवसाला अर्धें पृष्ठ ही कोणास भीति वाटावी अशी मजल नव्हे. व्यवसाय आणि प्रकृतीच्या तक्रारी सांभाळून ती बत्तीस वर्षें चालणें, यांतच सारी थोरवी आहे. ग्रंथ पुरा झाला तेव्हां काण्यांचें वय ८२ होतें. पुढल्या वर्षीं त्यांना भारतरत्न मिळालें.

हे लहान गुण काम करतात तरी कसे, तें आतां पाहूं. पहिला गुण आरंभाचा. आपल्याला काम जड वाटतें तें करतांना नव्हे, तर करण्यापूर्वीं. पत्राचें उत्तर लिहावयास दहा मिनिटें लागतात. न लिहिलेल्या उत्तराचें ओझें दहा दिवस पुरतें. “फावलें कीं लिहीन” असा संकल्प करणाराला सहसा फावत नाहीं, कारण त्या संकल्पास ना वेळ असते ना जागा. पीटर गॉल्विट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञानें १९९९ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत ही गोष्ट प्रयोगांच्या आधारें मांडली आहे. नुसता हेतु धरणाऱ्यापेक्षां केव्हां, कोठें व कसें करणार हें आधींच ठरविणाराच्या हातून काम पार पडण्याचा संभव पुष्कळ अधिक असतो. “मी रोज वाचीन” हा हेतु झाला. “रात्रीं जेवणें आटोपल्यावर खिडकीजवळच्या खुर्चीवर बसून वाचीन” ही योजना झाली. योजनेंत मनाला पुन्हां पुन्हां कौल लावावा लागत नाहीं. जेवण आटोपलें कीं खुर्चीच आपल्याला बोलाविते.

दुसरा गुण टापटिपीचा. त्याची आपण थट्टा करतों, पण वीणेच्या तारा जुळलेल्या नसतील तर गाणाराचा निम्मा उत्साह तारा जुळविण्यांतच जातो. लेखणी, कागद, अवजारें, हिशेबाची वही जागच्या जागीं असली म्हणजे आरंभाच्या वाटेंतले दगड निघून जातात. हल्लीं यांत एका गोष्टीची भर घातली पाहिजे. जवळ ठेवलेला मोबाइल घटकेघटकेस साद घालतो. कामाच्या वेळीं तो दुसऱ्या खोलींत ठेवणें हीही टापटीपच आहे. समर्थ रामदासांनीं ‘दासबोधा’च्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास अक्षर कसें लिहावें याच विषयास दिला आहे. परमार्थ सांगणारा पुरुष अक्षरांचें वळण, ओळींतील अंतर, समासाची जागा, कागद व शाई यांचा विचार करतो, आणि पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत सारें एकाच टांकानें लिहिल्यासारखें दिसावें असें सांगतो. वळण कोठेंही लागलें तरी तें सर्व आचरणांत उतरतें, हें समर्थांस पुरतें ठाऊक होतें, असें त्या समासावरून वाटतें.

तिसरा गुण शेवटास नेण्याचा. अर्धवट विणलेला स्वेटर, निम्मे वाचलेले ग्रंथ, धूळ खात पडलेली संवादिनी हीं कोणत्या घरांत नाहींत? प्रत्येक अर्धवट काम जागा अडवून बसतें, आणि त्याहून वाईट म्हणजे मालकास रोज सांगतें कीं, तुझ्या हातून कांहीं पुरें होत नाहीं. असें शंभरदां ऐकल्यावर माणसास तें खरें वाटूं लागतें. याच्या उलट लहानसें काम पुरें केल्यानें स्वतःवरचा विश्वास वाढतो. म्हणून मुलांस मोठें काम सांगून अर्ध्यावर सोडूं देण्यापेक्षां लहान काम सांगून पुरें करून घेणें शहाणपणाचें. चौथा गुण, शब्द पाळण्याचा, याच जातीचा आहे. दुसऱ्यास दिलेला शब्द मोडला तर तो रागावतो तरी. स्वतःस दिलेला शब्द मोडल्यावर रागावणारें कोणी नसतें, आणि म्हणून तोच अधिक वेळां मोडला जातो.

या गुणांची संवय कशी जडते, याविषयीं विल्यम जेम्स या अमेरिकन तत्त्ववेत्त्यानें १८९० सालच्या आपल्या मानसशास्त्रावरील ग्रंथांत विवेचन केलें आहे. त्याचा उपदेश असा कीं, नव्या नेमाचा आरंभ जोरानें करावा, नेम अंगीं मुरेपर्यंत एकही अपवाद होऊं देऊं नये, आणि कृति करण्याची पहिलीच संधि साधावी. सूत गुंडाळतांना गुंडी हातांतून निसटली तर पुष्कळ वेढे एकदम उलगडतात, तशी त्यानें अपवादाची गति सांगितली आहे. हा उपदेश फार उपयोगी; परंतु त्यांतील अपवादाविषयींचा कडकपणा आतां थोडा सैल करावयास हरकत नाहीं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत फिलिपा लॅली व तिच्या सहकाऱ्यांनीं ९६ लोकांवर बारा आठवडे पाहणी केली. तिचा निबंध २०१० सालीं छापला गेला. जेवणाबरोबर फळ खाणें किंवा ठराविक वेळीं चालून येणें असें एखादें साधें काम प्रत्येकानें रोज करावयाचें होतें. तें काम आपोआप होऊं लागण्यास मध्यम मानानें ६६ दिवस लागतात असें आढळलें. पण कोणास १८ दिवस पुरले, तर कोणास २५४ दिवस लागतील असा हिशेब निघाला. एखादा दिवस चुकल्यानें संवय जडण्यांत फारसा बिघाड होत नाहीं, असेंही दिसून आलें. पंधरवड्यांत नेम अंगीं मुरला नाहीं म्हणून स्वतःस नालायक ठरविणाऱ्यांनीं आणि एका खाड्यानें सारें बुडालें असें मानणाऱ्यांनीं हे आंकडे लक्षांत ठेवावेत. खाडा झाला तर दुसऱ्या दिवशीं बसावें. पश्चात्तापासाठीं निराळी सुटी घेऊं नये.

बेंजामिन फ्रँकलिन यानें तरुणपणीं याच कामासाठीं एक वही केली होती. मिताहार, व्यवस्था, काटकसर, उद्योग वगैरे तेरा गुण त्यानें निवडले, एकेका गुणावर एकेक आठवडा विशेष लक्ष ठेवलें, आणि चूक झाली कीं त्या दिवसाच्या रकान्यांत काळा ठिपका मांडला. तेरा आठवड्यांचें एक आवर्तन आणि वर्षांत अशीं चार आवर्तनें, असा त्याचा हिशेब होता. व्यवस्थितपणानें त्याला सर्वांत अधिक चकविलें, अशी कबुली त्यानें आत्मचरित्रांत दिली आहे. आपण परिपूर्ण झालों नाहीं, पण प्रयत्नानें पूर्वींहून चांगले व सुखी झालों, असा त्याचा निष्कर्ष आहे. वहीचा उपयोग हिशेबापुरता. ती स्वतःवर फिर्याद लावण्याचें साधन होऊं नये.

येथें एक आक्षेप येईल. असल्या गुणांनीं माणूस फार तर नेमस्त कारकून होईल. थोर कसा होईल? आक्षेपांत थोडें तथ्य आहे. पाट स्वच्छ ठेवण्याच्या नादांत पाणी सोडावयासच विसरणारे लोक असतात. सकाळभर मेज आवरून लिहावयाचें राहून गेलें, तर ती टापटीप आळसाचेंच एक रूप झाली. लहान गुणाची कसोटी ही कीं, त्यानें कांहीं तरी शेतांत पोंचविलें पाहिजे. कर्व्यांची पायपीट थोर ठरली, कारण तिच्या टोंकाला शिकणाऱ्या मुली होत्या.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. “मनांत आणलें तर” हें वाक्य साऱ्यांस सारखें लागू नाहीं. ज्या गृहिणीचा पहाटेपासून रात्रींपर्यंतचा प्रत्येक क्षण दुसऱ्याच्या हांकेस बांधलेला आहे, तिला नेमाचा उपदेश करणें ही थट्टा होय. तिच्यापाशीं नेम भरपूर आहे. सारें घर तिच्या नेमावरच चालतें. उणीव आहे ती तिच्या स्वतःच्या घटकेची, आणि ती घटका तिला घरांतल्या इतरांच्या लहान गुणांतूनच मिळावयाची. रमाबाई रानडे यांचें लग्न १८७३ सालीं अकराव्या वर्षीं झालें, तेव्हां त्यांना लिहितां वाचतां येत नव्हतें. न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांनीं लग्नानंतर लागलीच त्यांना शिकविण्यास आरंभ केला. घरांतल्या बायकांचे टोमणे सोसून रमाबाई शिकत राहिल्या. ती हकीकत त्यांच्या १९१० सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ या पुस्तकांत आहे. १९०९ सालीं पुण्यांत सेवासदनाचें कार्य उभें राहिलें त्यांत त्या पुढें होत्या. पाटी हातीं धरून झालेला तो आरंभ आणि हें कार्य यांच्यामध्यें शिकणारीचा नेम आहे, तसाच शिकविणाराचाही आहे. घरांतील कर्त्या पुरुषानें व मुलांनीं आपापलें ताट उचललें, पाणी आपल्या हातानें घेतलें, आणि संध्याकाळचा एक तास घरांतल्या बाईस कोणीही हांक मारावयाची नाहीं असें ठरवून तें पाळलें, तर त्या तासांतून काय निघेल हें आज कोणी सांगूं शकणार नाहीं. आपल्या समाजांतील किती शक्ति त्या एका तासाच्या अभावीं चुलीपुढें विझली असेल, याचा हिशेब कोणत्याच वहींत नाहीं.

म्हणून ज्यांच्या हातीं आपला वेळ आहे, त्यांनीं आज रात्रीं एवढेंच करावें. जें काम करण्याची आपली शक्ति आहे असें आपल्याला मनापासून वाटतें, त्याचा अगदीं लहान तुकडा निवडावा. अर्धें पृष्ठ, एक गणित, एका रागाचे दहा आलाप. त्यासाठीं वेळ व जागा नक्की करावी, आणि लागणारी सामुग्री झोंपण्यापूर्वीं तेथें मांडून ठेवावी. ज्यांच्या हातीं दुसऱ्याचाही वेळ आहे, त्यांनीं त्यांतील एक तास परत करावा. पुढल्या खेपेस घरीं पाहुणे येतील तेव्हां मुलानें मनांत आणलें तर काय होईल तें त्यांना सांगूं नये. त्यानें आज काय पुरें केलें तें सांगावें. मुलगा शेजारच्या खोलींत ऐकत असतो.